स्नोबोर्डिंगची सहल आणि साधा कॅमेरा: गुलमर्गसाठी सल्ला हवा

कचराळीकाठ

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही घरचे गुलमर्गला जातोय. मुलगी कॉलेजात आहे, तिला आणि माझ्या भाच्याला स्नोबोर्डिंग शिकायचंय. शिकवणारा ठरलाय, बोर्ड आणि बूट तिथेच भाड्याने घेणार. मी आणि नवरा बोर्डवर चढणार नाही, त्यामुळे फोटोंचं काम माझ्याकडे आलंय.

सामान असं: कॅनन १५००डी, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स, एक बॅटरी, एक ३२ जीबीचं कार्ड. नवऱ्याकडे साधा अँड्रॉइड फोन. सहलीचाच खर्च बराच झालाय, त्यामुळे नवी लेन्स घ्यायची नाही. आजवर मी फोटो काढलेत ते घरचे समारंभ, तलावपाळीची दिवाळी पहाट आणि पावसाळ्यातलं येऊर एवढेच. बर्फ कॅमेऱ्यातून कधी पाहिलेला नाही.

ओळखीतल्या एकांनी सांगितलं की या लेन्सवर काही जमणार नाही, ७०-३०० तरी भाड्याने घ्या. खरंच लागेल का? आणि थंडीत कॅमेरा बंद पडतो म्हणतात, त्याचं काय करायचं? मुलांचे चांगले फोटो यावेत ही फार इच्छा आहे. दोघंही पुढच्या वर्षी कुठे असतील सांगता येत नाही.

ऐरोलीचा_कॅमेरेवाला

लेन्स भाड्याने घेऊ नका. १८-५५ पुरते. का ते इथले बोर्डवाले सांगतीलच, मी आधी उजेडाचं सांगतो, कारण बर्फात बहुतेक फोटो तिथेच बिघडतात.

कॅमेऱ्यातल्या मीटरला बर्फ कळत नाही, उजेड किती तेवढंच कळतं. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार असं धरून तो हिशेब करतो. १८ टक्के ग्रे म्हणतात तो हाच. ताजा बर्फ मात्र अंगावर पडलेल्या उजेडातला ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त परत फेकतो. १८ चे ३६, ३६ चे ७२, म्हणजे दोन स्टॉपच्याही वर (उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप). मीटरला वाटतं उजेड फार झाला आणि तो फोटो काळवंडून टाकतो. सिमेंटच्या रंगाचा बर्फ आणि त्यात सावळा पडलेला चेहरा असे काश्मीरचे फोटो सगळ्यांच्या घरी असतात, ते यामुळेच.

उपाय म्हणजे फोटो मुद्दाम उजळ करायचा. तुमच्या कॅमेऱ्यावर ‘एव्ही प्लस-मायनस’ लिहिलेलं बटण आहे. ते दाबून धरा आणि शटरजवळचं चाक फिरवा. काटा अधिक १ वर आणा. फ्रेममध्ये बर्फच बर्फ असेल तर अधिक १.७ पर्यंत जा. झाडं, माणसं, गडद कपडे जास्त असतील तर अधिक ०.७ पुरे.

हे गुलमर्गला जाऊन शिकायची गरज नाही. दुपारी बाराच्या उन्हात गच्चीवर पांढरी चादर वाळत घाला. फक्त चादर भरेल असा एक फोटो शून्यावर काढा, एक अधिक १ वर, एक अधिक १.७ वर. मग चादरीपुढे मुलीला गडद कपड्यात उभी करून तेच पुन्हा करा. ठाण्याच्या उन्हात चादर जे दाखवेल तेच तिथे बर्फ दाखवेल.

घोडबंदर_रोड

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. थंडीबद्दल माझं.

लिथियम-आयन बॅटरी थंडीत मरत नाही, सुस्तावते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज खाली येतं आणि कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली. तीच बॅटरी अर्धा तास अंगाशी गरम ठेवली की पुन्हा चालते. म्हणून खर्च करायचाच असेल तर एका जादा बॅटरीवर करा. तुमच्या कॅमेऱ्याला एलपी-ई१० लागते. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे मिळेल. जादा बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, शर्टाला लागून ठेवायची. दर तासाभराने अदलाबदल करायची. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, चेक-इन बॅगेत चालत नाहीत. टोकांवर चिकटपट्टी लावा किंवा प्लास्टिकचं टोपण घाला.

फोटो काढताना मागचा स्क्रीन बंद ठेवा, डोळा लावून काढा. बॅटरी कितीतरी जास्त टिकते, आणि बर्फावरच्या उन्हात स्क्रीन तसाही नीट दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कॅमेऱ्याला धोका बाहेर कमी, खोलीत परतल्यावर जास्त. एसी गाडीतून पावसाळ्यात बाहेर उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते ना, तेच. तिथे बाहेर शून्याखाली आणि खोलीत बुखारी (तिथली शेगडी) पेटलेली, त्यात कपडे वाळत घातलेले. थंडगार कॅमेरा तसाच आत नेला तर काचेवर, बटणांत, सेन्सरवरही ओल धरते. म्हणून हॉटेलच्या दाराबाहेर असतानाच कॅमेरा झिपलॉक पिशवीत घाला, हवा काढून बंद करा आणि आत गेल्यावर दीड-दोन तास उघडू नका. ओल पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल, कॅमेऱ्याला नाही. फोटो लगेच बघायचे असतील तर कार्ड आधीच काढून घ्या. पिशवी मोठी घ्या, तांदूळ-डाळीला वापरतो त्या मापाची, म्हणजे लेन्ससकट कॅमेरा मावतो.

आणि लेन्सवर बर्फाचे कण पडले तर तोंडाने फुंकर मारू नका. श्वासातली वाफ काचेवर गोठते. रबरी फुंकणी किंवा मऊ ब्रश वापरा.

उतारावर

खारघरहून लिहितोय. मी बोर्ड करतो आणि मित्रांचे फोटोही काढतो, त्यामुळे उभं कुठे राहायचं एवढंच सांगतो. सगळं त्यावर आहे.

स्कीवाला तोंड पुढे करून येतो. स्नोबोर्डवाला आडवा येतो. क्रिकेटमध्ये उजव्या हाताचा बॅट्समन डावा खांदा बोलरकडे करून उभा असतो, अगदी तसा. डावा पाय पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे असेल तर गूफी. रेग्युलर माणसाची छाती आणि चेहरा त्याच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे ऑफ साइडला. तुम्ही चुकून लेगला उभ्या राहिलात तर दिवसभर पाठ, टोपी आणि जॅकेटवरचा लोगो एवढंच मिळणार. तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याला विचारा, कोणाचा कुठला पाय पुढे आहे. मुलगी रेग्युलर असेल तर खालून वर बघताना तुम्ही तिच्या रस्त्याच्या डाव्या बाजूला राहायचं. भाचा गूफी निघाला तर उजव्या.

दुसरं, वळणं दोन प्रकारची असतात. हील साइडला टाचांवर भार असतो, माणूस खुर्चीवर बसल्यासारखा मागे रेलतो आणि छाती दरीकडे असते. खाली उभ्या असलेल्या तुम्हाला अख्खा चेहरा दिसतो. टो साइडला भार पंजांवर, तोंड डोंगराकडे, तुम्हाला पाठ. नवशिके पहिले एक-दोन दिवस हील साइडवरच असतात. टाचांवर राहून डावीकडे-उजवीकडे घसरत खाली येतात, झाडाचं पान गळताना येतं तसे, त्याला फॉलिंग लीफच म्हणतात. फोटोसाठी हे दिवस उत्तम आहेत. वेग कमी, चेहरा समोर, आणि चेहऱ्यावर सगळं दिसतं.

म्हणून लांबची लेन्स नको. शिकण्याच्या उतारावर तुम्ही चालत पाच-सात मीटरवर जाऊ शकता. १८ मिमीवर, एक गुडघा बर्फात टेकून, कॅमेरा बोर्डच्या उंचीला आणा. उतार भरपूर दिसतो, बोर्डखालून उडणारा बर्फ पुढे येतो. तोच क्षण लांबून ३०० मिमीवर घेतला तर उतार चपटा होतो, माणूस सपाटीवर उभा असल्यासारखा दिसतो.

गुडघ्याखाली रेनकोटच्या कापडाचा एक तुकडा ठेवा. पँट ओली झाली की तासाभरात तुम्हीच उठून जाल.

सीवूड्सकर

‘उतारावर’ यांचा प्रतिसाद साठवून ठेवला.

ऐरोलीच्या दादांशी एका बाबतीत थोडी असहमत. मी पक्ष्यांचे फोटो काढते, आमच्याकडे डीपीएस तलावावर फ्लेमिंगो आणि बगळे असतात. पांढऱ्या बगळ्यावर अधिक १.७ दिलं की पिसांचे तपशील जातात. बर्फाचंही तेच. काळवंडलेला फोटो नंतर उजळ करता येतो, पण जिथे पांढरं पार उडालं तिथे परत काही मिळत नाही. मी उन्हात अधिक १ च्या वर जाणार नाही, आणि प्रत्येक जागी पहिला फोटो काढून बघेन. १५००डीवर फोटो बघताना ‘डिस्प’ बटण दाबत राहिलं की माहितीचं पान येतं. त्यात जिथे पांढरं उडालंय तो भाग लुकलुकतो. उन्हात चमकणारे दोन-चार ठिपके लुकलुकले तर हरकत नाही. अख्खा उतार लुकलुकला तर खाली या.

अजून एक. ऊन स्वच्छ असेल तेव्हा मॅन्युअलवर जा, म्हणजे उजेडाचे आकडे कॅमेऱ्यावर न सोडता स्वतः ठरवा. उजेड तासभर तोच राहतो, पण मुलगी लाल जॅकेटमध्ये जवळ आली की मीटर बदलतो, लांब गेली की परत बदलतो. मॅन्युअलवर ही धावपळ नाही. आयएसओ २००, शटर १/१०००, अॅपर्चर एफ/८ ते एफ/११. एक फोटो काढून लुकलुक बघा, मग हात लावू नका. ऊन ढगाआड गेलं की पुन्हा बघा.

ऐरोलीचा_कॅमेरेवाला

मान्य. उन्हात तुमचं बरोबर आहे. मी म्हणत होतो ते ढगाळ दिवसाचं, तेव्हा सगळं दृश्य एकसारखं असतं आणि अधिक १.७ ला काही उडत नाही.

ढगाळ हवेचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे ती बरीच असते. आकाश पांढरं, जमीन पांढरी, सावली कुठेच नाही. बोर्डवाल्यांनाही अशा वेळी पुढचा चढउतार दिसत नाही. अशा दिवशी मोठं दृश्य घ्यायला जाऊ नका. झाडांकडे वळा. गुलमर्गात फर आणि कैलचं जंगल उताराच्या कडेलाच आहे. गडद झाडं मागे घेतली की पांढऱ्याला कड मिळते, पडणारा बर्फही दिसायला लागतो. मुलांना लाल, पिवळं, केशरी काहीतरी घालायला सांगा. पांढरं किंवा फिकट निळं जॅकेट नको.

झाडांचा अजून एक उपयोग: झाड सरळ उभं असतं. फोटोत झाडं सरळ असतील तर उतार किती आहे ते बघणाऱ्याला कळतं. काही जण उतार भयंकर दिसावा म्हणून कॅमेरा तिरपा धरतात. मला ते पटत नाही. सहा अंशांच्या उतारावर पहिल्यांदा तोल सांभाळणारी मुलगी हीच खरी गोष्ट आहे, तिला कडा लावायची गरज नाही.

बेलापूर_लोकल

माझ्याकडे फक्त फोन आहे आणि आम्हीही त्याच सुमारास जातोय. फोनवाल्यांसाठी काही?

घोडबंदर_रोड

फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून थोडा वेळ धरून ठेवा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवा. बर्फ करड्याचा पांढरा होताना समोर दिसेल, तिथे थांबा. डिजिटल झूम अजिबात नको, चालत पुढे जा. फोनही थंडीत बंद पडतात. अॅपलने आयफोनसाठी शून्य ते ३५ अंश हीच मर्यादा दिलेली आहे. बाहेरच्या खिशात ठेवू नका. पातळ हातमोजे आत आणि जाड वर असे दोन थर घाला, म्हणजे जाड मोजा काढला तरी बोटं उघडी पडत नाहीत.

आणि तिकडे जाणाऱ्या सगळ्यांसाठी: आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. फोटो रोज इंटरनेटवर (क्लाउडवर) चढवण्यावर विसंबून राहू नका. हॉटेलच्या वायफायचा भरवसा धरू नका. एक जादा कार्ड न्या.

कचराळीकाठ

सगळ्यांचे खूप आभार. चादरीचा प्रयोग केला. शून्यावर चादर अगदी राखाडी आली, घरात कुणालाच ती आमची चादर वाटेना. अधिक १ वर पांढरी, घडीच्या रेषा स्पष्ट. अधिक १.७ वर उन्हातली बाजू लुकलुकायला लागली आणि सावलीतली बाजू छान आली. म्हणजे तुम्ही दोघंही बरोबर आहात. मुलीला गडद निळ्या कुर्त्यात पुढे उभं केल्यावर मीटर किती बदलतो तेही दिसलं, त्यामुळे मॅन्युअलचं पटलं.

सोसायटीत संध्याकाळी मुलांचा स्केटिंगचा क्लास असतो. त्यांच्या आयांना विचारून तिथे सराव करतेय. एक गुडघा टेकून, १८ मिमीवर. वेगाने येणाऱ्या मुलावर फोकस नीट बसत नाहीये. हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो.

उतारावर

तीन पुरतात. फोकसच्या मागे पळू नका, जागा आधी ठरवा. बर्फात एक हातमोजा किंवा झाडाची काटकी टाका, मुलीला सांगा की या खुणेच्या जवळ वळ. खुणेवर फोकस करा, लेन्सवरचं बटण ‘एमएफ’वर (हाताने फोकस) सरकवा आणि रिंगला हात लावू नका. ती खुणेजवळ आली की दाबा. बर्फ उडतो तो वळण सुरू होताना नाही, बोर्डची कड रुतते तेव्हा. त्याच्या किंचित आधी बोट दाबलं तर तीनातला एक हमखास सापडतो. एफ/८ वर १८ मिमी असेल तर पुढेमागे मीटरभर चुकलं तरी धारदार येतं.

स्केटिंगच्या मुलांवर हेच करून बघा, खडूने जमिनीवर रेघ मारा.

पारसिक

मुलांच्या हेल्मेटवर अॅक्शन कॅमेरा लावायचा का? आमच्या ग्रुपमध्ये सगळे तेच सांगतात. फोटोंची कटकटच नाही.

उतारावर

शिकणाऱ्यांना लावू नये असं माझं ठाम मत आहे. नवशिक्या बोर्डवाल्याच्या हेल्मेटवरून काय दिसतं तर बर्फ, आकाश, बर्फ, स्वतःचे हात. तो स्वतः त्यात कुठेच नसतो. शिवाय पडताना डोक्यावर एक टणक गोष्ट वाढते. आणि शिकणारे सतत पडतात, मनगटावर आणि माकडहाडावर. स्नोबोर्डिंगमध्ये मनगटाच्या दुखापती सगळ्यात जास्त होतात. कॅमेऱ्याचे पैसे वाचवून मनगटाचे गार्ड घ्या. गळ्यात कॅमेरा अडकवून बोर्डवर कुणीच चढू नये, पडल्यावर तो बरगड्यांत घुसतो.

घरातल्या माणसाने उभं राहून काढलेले फोटो वेगळेच असतात. तुम्हाला माहीत असतं की ही मुलगी घाबरली की ओठ आत घेते. ते कुठल्याही हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला कळणार नाही.

सीवूड्सकर

गोंडोलाबद्दल, म्हणजे तिथल्या केबल कारबद्दल कुणीतरी सांगा. वर जावं का?

ऐरोलीचा_कॅमेरेवाला

जावं, पण हवा बघून. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, ३,००० मीटरच्या थोडं वर. दुसरा टप्पा अफारवत डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटर. तिकिटं ऑनलाइन आधी काढावी लागतात. वारा किंवा जोराचा बर्फ असला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे वरच्या टप्प्याचा दिवस सहलीच्या अगदी शेवटी ठेवू नका. आकाश स्वच्छ असेल तर वरून उत्तरेला नंगा पर्वत दिसतो, ८,१२६ मीटर. त्या एका फोटोसाठी ५५ मिमी वापरा.

वेळ सकाळची. अफारवतचा गुलमर्गाकडचा उतार साधारण ईशान्येच्या अंगाला आहे. सकाळचं तिरपं ऊन त्यावर पडतं, बर्फाचा प्रत्येक ओरखडा दिसतो. दुपार कलली की सूर्य डोंगरामागे जातो आणि उतार लवकर सावलीत जातो. आपल्याकडे संध्याकाळच्या उन्हाची सवय असते, तिथे त्याची वाट बघू नका.

इतक्या उंचीवर आपल्यासारख्या समुद्रकाठच्या माणसांनी पळू नये. चार पावलं पटापट टाकली तरी धाप लागते आणि कॅमेरा हलतो. गॉगल काढून फोटो काढायचा तर क्षणभर. उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात, वर ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. डोळे भाजतात, आणि ते रात्री कळतं.

घोडबंदर_रोड

हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. वरच्या टप्प्यावर आखलेल्या वाटा सोडून फोटोसाठी कुणीही आत जाऊ नये. अफारवतच्या परिसरात फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. हे सराईत लोक होते. न तुडवलेला कोरा उतार फोटोत फार सुंदर दिसतो, म्हणूनच सांगतोय. तिथे स्की पट्रोल असते, त्यांना विचारा आणि ते सांगतील ते ऐका.

खालच्या उतारावरही रस्त्याच्या मधोमध बसू नका. नवशिक्याला थांबता येत नाही आणि तुमचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला असतो. नवऱ्याला शेजारी उभं करा, त्याने वर बघत राहायचं. श्रीनगरचा विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथे फोटो काढू नका. जवान, चौक्या, ताफे यांचेही नाही.

बर्फ असेल ना याचीही चौकशी करून निघा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

कचराळीकाठ

धागा वर काढतेय. आम्ही परत आलो, सगळे सुखरूप. बर्फ भरपूर मिळाला. तंगमर्गला गाडी बदलून चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीतून वर गेलो.

मुलगी रेग्युलर, भाचा गूफी निघाला. शिकवणारा म्हणाला की बाजू विचारणारी आई पहिल्यांदाच भेटली. दोघं एकाच उतारावर असल्यामुळे मी मधे न थांबता एकेकाची पाळी लावून घेतली, अर्धी सकाळ तिच्या बाजूला, अर्धी त्याच्या. हातमोजा टाकून फोकस धरायची युक्ती सोन्यासारखी निघाली. मुलीच्या एका फोटोत कडेखालून उडालेला बर्फ तिच्या गुडघ्यापर्यंत आलाय, उन्हात प्रत्येक कण वेगळा दिसतोय, आणि ती बर्फाकडे न बघता सरळ पुढे बघतेय. पहिल्यांदाच. त्याआधीच्या सगळ्या फोटोंत तिची नजर बोर्डवर आहे.

पण मला सगळ्यात आवडलेले फोटो घसरतानाचे नाहीत. उतारावर बसून बूट बाइंडिंगमध्ये (बोर्डवरच्या पट्ट्यांच्या पकडीत) अडकवतानाचे आहेत. दोघंही बर्फात फतकल मारून बसलेली, हातमोजे दातात धरलेले, बाइंडिंगच्या पट्ट्यात बर्फ गेलेला आणि तो नखाने खरवडून काढताहेत. तिथे कुणी घाईत नसतं, कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. जाणाऱ्यांनी त्या वेळी कॅमेरा खाली ठेवू नये. शिकवणाऱ्याचेही काढा, विचारून. त्याने मुलीचे दोन्ही हात धरून तिला उलट्या पावलांनी खाली आणलं. तो फोटो मी त्याला पाठवला, त्याने तो लगेच घरी पाठवला.

बॅटरीची अदलाबदल, पिशवी, सगळं चोख झालं. बुखारीच्या खोलीत पिशवीवर बाहेरून पाणी धरलेलं बघितलं आणि तुमची आठवण आली. वर एकच दिवस जाता आलं, पण नंगा पर्वत दिसला.

एक शंका उरलीय. सावलीतला बर्फ खूप निळा आलाय. तो पांढरा करायला गेले की उन्हातले चेहरे पिवळे होतात.

ऐरोलीचा_कॅमेरेवाला

फार आनंद झाला वाचून. बाइंडिंगवाले फोटो नक्की टाका.

निळा आलाय तो खरा आहे. उन्हातल्या बर्फावर सूर्याचा उजेड, सावलीतल्या बर्फावर नुसत्या आकाशाचा, आणि आकाश निळं. सगळा निळा काढलात तर थंडीच निघून जाते. आधी उन्हातला चेहरा बघून व्हाइट बॅलन्स (फोटोतला निळा-पिवळा तोल) लावा आणि तिथेच थांबा. मग फक्त निळ्या रंगाचा गडदपणा थोडा उतरवा, निम्म्यापेक्षा जास्त नाही. स्नॅपसीडमध्ये सावलीच्या भागावर बोट ठेवून तेवढ्याच भागातल्या रंगाचा गडदपणा कमी करता येतो. अख्ख्या फोटोवर फिल्टर टाकू नका. पूर्ण सावलीत काढलेले फोटो असतील तर त्यांना मात्र ‘सावली’चा व्हाइट बॅलन्स चालेल, तिथे पिवळं पडायला ऊनच नाही.

सीवूड्सकर

आणि छापून घेणार असाल तर एक. स्क्रीनवर सुंदर दिसणारा उजळ बर्फ कागदावर कोरा कागद होतो, त्यात काही उरत नाही. सगळ्यात पांढरा भाग थोडा खाली आणून द्या, म्हणजे तिथेही शाईचा हलका थर पडतो. दुकानदाराला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं आवर्जून सांगा, नाहीतर त्यांचं मशीन तुमचा बर्फ पुन्हा करडा करेल. एक फोटो आधी छोट्या आकारात काढून दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबखाली नको. तो पटला की मग बाकीचे द्या. मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर बर्फ चमकतो आणि खिडकीचं प्रतिबिंब दिसतं.

कचराळीकाठ

मॅटच घेते. शनिवारी बाइंडिंगचा एक फोटो छोट्या आकारात छापायला टाकतेय, बघून सांगते. तोवर निवडक फोटो आज रात्री इथे चढवते.